पंक्चर काढायच्या आधी कारण काढा

एकदा एकाच आठवड्यात माझ्या सायकलचं मागचं चाक तीनदा पंक्चर झालं. दोनदा मी ट्यूब काढली, भोक शोधलं, पॅच लावला, हवा भरली आणि निघालो. तिसऱ्यांदा ट्यूब हातात घेतली तेव्हा लक्षात आलं की आधीचे दोन पॅच आणि नवं भोक, तिन्ही बोटभर जागेत आहेत. मग टायर आतून तपासायला घेतला. कापसाचा बोळा फिरवत नेला, तर एका ठिकाणी त्याचे तंतू अडकले. तिथे केसासारखी बारीक तार रबरात रुतून बसली होती. बाहेरून तिचा मागमूसही नव्हता. सायकलवर बसलं आणि टायर दबला की तिचं टोक आत डोकवायचं, उतरलं की परत रबरात जायचं. चिमट्याने ती उपटली आणि ते दुखणं तिथेच संपलं.

घरी सायकल दुरुस्त करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हीच गोष्ट सांगतो. आपल्याला दिसतो तो परिणाम असतो: हवा गेली, चेन पडली, ब्रेक किंचाळला. कारण दोन पावलं मागे असतं. सायकलची मोठी सोय अशी, की तिच्यात जवळजवळ सगळं उघड्यावर आहे. केबल कुठून निघते आणि कुठे जाते, कोणता दाता कोणत्या कडीत बसतो, हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघितलं, चाक हाताने फिरवलं, कान दिला, तर निम्मं काम तिथेच होतं.

हत्यारं फारशी लागत नाहीत. दाब दाखवणारा पंप, टायर उचकटायचे प्लास्टिकचे दोन लिव्हर, पंक्चरचं सामान, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अ‍ॅलन की, १५ मिलिमीटरचा पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, चेनचं तेल, थोडं ग्रीस, जुना टूथब्रश आणि भरपूर चिंध्या. चिंध्या मी मुद्दाम सांगतोय, कारण सायकलची निगा म्हणजे बऱ्याच अंशी पुसणं.

सुरुवात हवेपासून. हवेचा टायर आला तो खडखडाट कमी करण्यासाठी. जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टमधल्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तो बनवला आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून सायकल हवेच्या गादीवर चालते, आणि ही गादी रोज थोडी थोडी रिती होत असते. ट्यूबचं रबर पूर्ण हवाबंद नसतं. उभ्या सायकलचीही हवा काही आठवड्यांत उतरते, आणि बारीक, जास्त दाबाच्या टायरची त्याहून लवकर. त्यामुळे हवा उतरली म्हणजे पंक्चरच असं नाही.

किती हवा भरायची ते टायरच्या बाजूलाच लिहिलेलं असतं. कधी पीएसआयमध्ये, कधी बारमध्ये, ही दोन्ही दाबाची मापं; १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. तिथे बहुतेक वेळा कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे असतात. वजनाने हलक्या माणसाने खालच्या आकड्याकडे राहावं, जड माणसाने किंवा सामान नेणाऱ्याने वरच्या. मागच्या चाकावर आपलं वजन जास्त येतं, म्हणून पुढच्या चाकात थोडी कमी हवा चालते. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यावर मात्र विसंबू नका. जाड टायर २५ पीएसआयला मऊ लागतो आणि तो बरोबर असतो. बारीक टायर ५० ला दगडासारखा लागतो आणि तरी त्यात हवा कमी असू शकते.

कमी हवेचं नुकसान फक्त पाय दुखण्यापुरतं नाही. खड्ड्याच्या काठावर आदळलं की मऊ टायर रिमपर्यंत चेपतो, ट्यूब मध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. साप चावल्याच्या खुणेसारख्या. अशी जोडी दिसली तर टायरमध्ये काटा शोधत बसू नका. हवा कमी होती, इतकंच.

पंक्चरमध्ये भोकाची जागाच कारण सांगते, आणि ती वाचता यावी म्हणून एक सवय लावून घ्या: ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती ते हरवू द्यायचं नाही. टायरवरचं नाव किंवा आकडा नेहमी व्हॉल्व्हच्या समोर येईल असा बसवला, तर ट्यूबमधलं भोक सापडल्यावर टायरमधली नेमकी जागा लगेच काढता येते. भोक बाहेरच्या, रस्त्याकडच्या बाजूला असेल तर काटा, काच किंवा तार. आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रस्त्याचा काही दोष नाही. रिमवरची पट्टी सरकली आहे आणि स्पोकचं टोक किंवा भोकाची धार ट्यूबला लागते आहे. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल, तर कमी हवेमुळे ट्यूब टायरसोबत सरकत होती आणि व्हॉल्व्ह वाकडा होत होता. तिथे पॅच धरत नाही, ट्यूब बदलावी लागते.

आता प्रत्यक्ष काम. उरलेली हवा पूर्ण सोडा. रिमचा मधला भाग खोलगट असतो, आणि टायर निघायचं सगळं रहस्य त्या खोलगटपणात आहे. टायरची कड दोन्ही अंगठ्यांनी चहूबाजूंनी ढकलून मधल्या खोबणीत पाडली की दुसऱ्या बाजूला सैलपणा मिळतो. हे न करता नुसतं लिव्हरने ओढलं तर टायर हटत नाही, लिव्हर मोडतो किंवा ट्यूब फाटते. व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करा, एक लिव्हर घालून कड रिमच्या वर आणा, थोड्या अंतरावर दुसरा घाला आणि सरकवत न्या. एकच कड काढायची. ट्यूब तेवढ्या फटीतून बाहेर येते.

ट्यूबमध्ये थोडी हवा भरा आणि गालाजवळून किंवा ओठांजवळून फिरवा. बारीक झुळूकही तिथे कळते. तरी सापडलं नाही तर पाण्यात बुडवून बुडबुडे बघा. भोकाभोवती पेनाने मोठी फुली करा, कारण घासल्यावर भोक हरवतं. मग घासपेपरने पॅचहून मोठी जागा घासा. रबराची चकाकी जाऊन ती जागा काळपट, खरखरीत दिसली पाहिजे. त्यावर सोल्युशनचा पातळ थर पॅचच्या आकाराबाहेर जाईल इतका पसरा.

आणि थांबा. बहुतेकांचं पंक्चर इथे फसतं. सोल्युशन म्हणजे गोंद, ओलं असताना चिकटवायचं, असं वाटतं. पण पॅचच्या खालच्या थराशी त्याची रासायनिक क्रिया होऊन दोन रबरं एकजीव व्हायची असतात, आणि त्यासाठी त्यातला द्रव आधी उडून जावा लागतो. थराची ओली चकाकी गेली, बोटाच्या पाठीला तो ओला लागेनासा झाला, की तयार झालं. याला साधारण पाच मिनिटं लागतात. मग पॅचच्या खालचा कागद काढा, त्या बाजूला बोट न लावता भोकावर बसवा आणि मधून कडेकडे जोरात दाबत या. लिव्हरच्या गोल टोकाने घासून दाबलं तर उत्तम. नीट बसलेला पॅच ट्यूबच्या आयुष्याइतका टिकतो.

ट्यूब परत घालण्याआधी टायर आतून तपासायचाच, आणि बोटांनी नव्हे. काचेचा तुकडा बोट कापतो. कापूस किंवा पातळ कापड फिरवा, अडकेल तिथे बघा. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून ती बसवा. पिळवटलेली नको. टायरची कड हातांनीच चढवा आणि शेवटचा घट्ट भाग व्हॉल्व्हजवळ येईल असं बघा. तिथे पोचल्यावर व्हॉल्व्ह आत ढकलून पुन्हा खेचा, म्हणजे त्याचं जाड बूड टायरच्या कडेखाली अडकणार नाही. शेवटी संपूर्ण चाकभर टायर बाजूला दाबून बघा, ट्यूब कुठे रिम आणि कडेच्या मध्ये डोकावत नाही ना. एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं. नाही बघितलं तर हवा भरताना फटाक्यासारखा आवाज येतो आणि नवीन ट्यूब आणावी लागते.

ट्यूबमध्ये भोक सापडलंच नाही तर व्हॉल्व्ह बघा. त्याच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला की बुडबुडा दिसतो. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये एक छोटी रबरी नळी असते. ती सुकून तडकली की हवा धरत नाही, आणि ती बदलणं मिनिटभराचं काम आहे. गाडीच्या टायरसारख्या श्रेडर व्हॉल्व्हच्या मधली पिन सैल झालेली असते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचा टोकावरचा इवलासा नट हवा भरताना सोडायचा आणि नंतर आवळायचा, हे विसरून अनेकांनी चांगल्या ट्यूब टाकून दिल्या आहेत.

नवीन टायर किंवा ट्यूब घेताना इंचावर जाऊ नका. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ या दोन्हींना २६ इंचीच म्हणतात, पण पहिल्या टायरची कड ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसते आणि दुसऱ्याची ५९० वर. एकाचा टायर दुसऱ्याला कधीच बसणार नाही. टायरच्या बाजूला ३७-६२२ असा जोडआकडाही कोरलेला असतो. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे.

आता चेन. लोक म्हणतात चेन ताणली गेली. लोखंड ताणलं जात नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि तिच्यावर फिरणारा रोलर. पिन आणि तिच्याभोवतीचा भाग एकमेकांवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यात केसभर सैलपणा येतो. एका चेनमध्ये असे शंभराहून जास्त सांधे असतात. सगळ्यांची झीज जोडली की चेन लांब होते. वाढलेल्या चेनचं अंतर दात्यांच्या अंतराशी जुळत नाही, मग ती दात्यांच्या टोकावर चढून बसते आणि त्यांनाही आपल्या मापाने झिजवते. वेळेवर चेन बदलली तर एक चेन जाते. नाही बदलली तर चेन, मागच्या चक्र्या आणि शेवटी पुढची चेनव्हील, म्हणजे पेडलजवळचं मोठं दातेरी चक्र, तिन्ही जातात. झिजलेल्या दात्यांवर नवीन चेन घातली की ती जोर लावल्यावर घसरते, आणि माणूस समजतो की चेन खराब निघाली.

ही झीज साध्या पट्टीने मोजता येते. चेनच्या एका सांध्यापासून पुढच्यापर्यंत अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. एका पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य धरा आणि चोवीस सांधे पुढे जा. नव्या चेनमध्ये तिथे बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर येतात. मागे अकरा-बारा चक्र्या असलेल्या सायकलला हे अंतर ३०६.३ च्या आसपास गेलं की चेन बदला. आठ ते दहा चक्र्यांना ३०७ पर्यंत चालतं. बिनगिअरच्या सायकलची जाड चेन ३०८ जवळ पोचली की तिचं काम झालं. मोजताना चेन ताणलेली हवी, म्हणून एक हात पेडलवर ठेवून थोडा जोर द्या.

तेल कुठे लागतं हे एकदा समजलं की ते कसं घालायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. झीज पिनवर होते, तेव्हा तेल रोलरच्या आत जायला हवं. चेनच्या बाहेरच्या पट्ट्यांना तेलाचा काहीच उपयोग नाही; तिथे राहिलेलं तेल फक्त धूळ ओढतं, आणि तेल अधिक धूळ म्हणजे दात्यांना घासणारी लेप. म्हणून आधी चेन पुसा. चिंधीत धरून पेडल उलटं फिरवत राहा, काळं निघणं कमी होईपर्यंत. फार घाण असेल तर ब्रशने थोडं रॉकेल किंवा चेन धुण्याचं द्रव्य लावा, पुसा आणि पूर्ण सुकू द्या. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ क्षणात पेट घेते. मग चेनच्या खालच्या पट्ट्यात, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक थेंब. एकच. सुरू कुठे केलं ते लक्षात राहावं म्हणून एका कडीवर खूण करा. पेडल दोन-तीन मिनिटं उलटं फिरवा, थोडा वेळ जाऊ द्या आणि नंतर कोरड्या चिंधीने सगळं पुसून काढा. आत गेलेलं तेल पुसलं जात नाही, बाहेरचं नको असलेलं जातं. शक्य असेल तर हे आदल्या रात्री करा, तेलाला आत मुरायला वेळ मिळतो.

किती दिवसांनी? दिवस मोजण्यापेक्षा ऐका. कोरडी चेन किरकिर करते. पावसात भिजून आल्यावर मात्र वाट न बघता पुसा आणि तेल घाला, कारण गंज एका रात्रीत धरतो. गंज सोडवणारे पातळ स्प्रे चेनच्या तेलाची जागा घेऊ शकत नाहीत. ते पाणी हटवतात, अडकलेला नट सोडवतात, पण पटकन उडून जातात आणि जाताना आतलं जुनं तेलही धुऊन नेतात.

बिनगिअरच्या सायकलची चेन वारंवार पडत असेल तर ती सैल आहे. खालच्या पट्ट्यात मधोमध बोटाने वर-खाली करून बघा. एक ते दीड सेंटीमीटर हलली पाहिजे. त्याहून जास्त हलत असेल तर मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक मागे ओढा, ते फ्रेमच्या बरोबर मध्ये आहे ना बघा आणि दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. मग पेडल फिरवून तीन-चार ठिकाणी ताण पुन्हा तपासा. चेनव्हील अगदी गोल क्वचितच असते. एका जागी बरोबर असलेली चेन दुसऱ्या जागी कडक होते. जिथे सगळ्यात घट्ट आहे तिथे थोडी ढील राहील असं ठेवा.

पडलेली चेन चढवताना चेन आणि दाते यांच्या मध्ये बोट कधीही घालू नका. ते कापलं जातं, लहान मुलांचं तर हमखास. पेडल हाताने हळू फिरवायचं आणि चेन बाहेरच्या बाजूने धरायची. गिअरच्या सायकलला मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा लोंबता भाग, पुढे ढकलला की लगेच ढील मिळते; चेन चेनव्हीलच्या वरच्या दात्यांवर ठेवा आणि पेडल पुढे फिरवा.

ब्रेकमध्ये पहिली तपासणी मुठीची. पूर्ण दाबल्यावर ती हँडलला टेकत असेल तर सायकल काढू नका. केबल जिथे मुठीत शिरते तिथे एक खाचा असलेला गोल स्क्रू असतो. तो बाहेरच्या बाजूला सोडवला की केबल ताणली जाते आणि ब्रेक लवकर धरतो. बारीकसारीक फरक इथेच मिटतो. स्क्रू बाहेर येऊन येऊन संपत आला, तर तो परत आत घाला आणि ब्रेकजवळचा नट सोडून केबलच थोडी ओढून घ्या.

पण केबल का सैल झाली? बहुतेक वेळा ब्रेकचं रबर झिजलं म्हणून. रबरावर खाचा असतात, त्या दिसेनाशा झाल्या की ते बदलायचं. बसवताना रबर पूर्ण रिमवर आलं पाहिजे. जरा वर गेलं तर टायरची बाजू कापत नेतं आणि एक दिवस टायर फुटतो. खाली सरकलं तर रिमवरून निसटून स्पोकमध्ये जाऊ शकतं. रबराच्या तोंडात खडे किंवा धातूचे कण रुतले असतील तर टोकदार वस्तूने उपटून काढा. रिम घासते आहे असा आवाज येतो तो त्यांचाच. ब्रेक किंचाळत असेल तर रबराची पुढची कड मागच्यापेक्षा साधारण एक मिलिमीटर आधी टेकेल अशी किंचित तिरकी बसवून बघा. मूठ जड लागत असेल, सोडल्यावर ब्रेक परत येत नसेल, तर रबराकडे बघू नका. केबल तिच्या नळीत गंजली आहे. एखादी तार जरी तुटून विस्कटलेली दिसली तरी केबल बदला, तेल घालत बसू नका.

डिस्क ब्रेकला वेगळी शिस्त लागते. डिस्कला बोट लावायचं नाही, आणि जवळपास कुठलाही स्प्रे मारायचा नाही. तेलाचा एक थर आणि पॅड निकामी. नुकत्याच उतारावरून आलेल्या सायकलची डिस्क चटका देण्याइतकी तापलेली असते. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबाने चालणारा ब्रेक असेल तर चाक काढलेलं असताना मूठ दाबू नका, पॅड आत येऊन अडकतात. त्यातलं तेल बदलणं मी तरी पहिल्या वर्षात कोणाला सुचवणार नाही. खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये दुसरं तेल पडलं तर आतली रबरं फुगून जातात.

गिअर कुरकुरत असतील तर मागच्या डिरेलरला जिथे केबल येते, तिथे तसाच एक गोल स्क्रू आहे. चेन मोठ्या चक्रीवर चढायला कंटाळत असेल तर तो पाव फेरा बाहेर सोडवा. लहान चक्रीवर उतरायला कंटाळत असेल तर पाव फेरा आत. नवीन केबल पहिल्या काही दिवसांत बसून थोडी सैल होते, तेव्हा हे लागतंच. डिरेलरवरचे दोन छोटे स्क्रू मात्र तसेच राहू द्या. ते चेनला दोन्ही टोकांना थांबवणारे खिळे आहेत; चुकीचे फिरवले तर चेन थेट स्पोकमध्ये पडते. सायकल उजव्या बाजूला पडल्यानंतर गिअर बिघडले असतील तर केबलमध्ये दोष शोधू नका. मागे उभं राहून डिरेलर सरळ लोंबतोय का ते बघा. तो ज्या छोट्या कानाला लटकतो तो वाकलेला असणार.

पेडलबद्दल एक गोष्ट पाठच करून ठेवा. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. दोन्ही पेडल आवळताना पाना पुढच्या चाकाकडे, सोडताना मागच्या चाकाकडे, पाना वरच्या बाजूला धरलेला असताना. कारण समजून घ्यायचं असेल तर मूठ सैल मिटून त्यात एक पेन्सिल धरा आणि तिचं बाहेरचं टोक दुसऱ्या हाताने गोल फिरवा. पेन्सिल मुठीत उलट्या दिशेला लोळते. पेडलचा दांडा क्रँकमध्ये, म्हणजे पेडल ज्या आडव्या हातात बसतं त्यात, नेमका असाच लोळू बघतो, म्हणून डाव्या बाजूला उलटे आटे दिले नसते तर ते चालता चालता सुटत गेलं असतं. बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि सुरुवातीचे दोन-तीन फेरे बोटांनीच द्या. बोटांनी फिरत नसेल तर आटे जुळलेले नाहीत. तिथे पाना लावला की क्रँकचे मऊ आटे गेलेच.

चाक डगमगतं, त्याला आऊट झालं म्हणतात. स्पोक रिमला आपापल्या बाजूला ओढत असतात, अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे. रिम उजवीकडे गेली असेल तर त्या जागेचे डाव्या बाजूचे स्पोक थोडे आवळायचे, उजवे थोडे सोडायचे. एका वेळी पाव फेरा, मग चाक फिरवून बघायचं. स्पोक आवळायचं छोटं नट, म्हणजे निपल, रिमच्या बाहेरून बसलेलं असतं, त्यामुळे आतून बघताना दिशा उलटी वाटते. घड्याळाच्या उलट फिरवलं की आवळतं. अधूनमधून स्पोकवर बोटाने टिचकी मारा. एकाच बाजूच्या स्पोकचा सूर साधारण सारखा हवा, ढब्ब वाजणारा सैल आहे.

आवाजावरून दोष शोधायची युक्ती मला सगळ्यात आवडते. पेडल मारणं थांबवून सायकल नुसती जाऊ द्या. आवाज थांबला तर दोष पेडल, क्रँक किंवा चेनमध्ये. चालू राहिला तर चाकात किंवा ब्रेकमध्ये. पेडलच्या एका फेऱ्याला एक टक येत असेल तर पेडल किंवा क्रँक, चाकाच्या फेऱ्याला एक येत असेल तर टायर, स्पोक किंवा वाकडी डिस्क. सीटवरून उठल्यावर करकर थांबली तर ती सीटच्या दांड्यात आहे. दांडा काढा, पुसा, ग्रीस लावून परत बसवा. कार्बनच्या दांड्याला मात्र ग्रीस नको, त्यासाठी वेगळी खरखरीत पेस्ट मिळते. बसवताना दांड्यावरची कमीत कमी खोलीची खूण फ्रेमच्या आत गेली पाहिजे.

छर्ऱ्यांचा सैलपणा हातांनी कळतो. रिम धरून चाक आडवं हलवा, क्रँक धरून बाजूला हलवा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे करा आणि हँडलच्या खाली बोट ठेवा. कुठेही खटखट लागली तर तिथली वाटी-कोन, म्हणजे छर्रे ज्यांच्या मध्ये फिरतात ते भाग, सैल आहे. लवकर आवळलं तर साधं काम, तसंच चालवलं तर वाटीला खड्डे पडतात. आणि धुताना पाण्याचा जोराचा फवारा या जागांवर कधी मारू नका. बादली आणि फडकं पुरे.

फ्रेम किंवा फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर, रंगात केसासारखी रेघ दिसली, विशेषतः जोडाजवळ, तर ती नखाने घासून बघा. नख अडकलं तर सायकल बाजूला ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

कुठलंही काम झालं की सायकल चार बोटं उचलून टायरवर हळूच आपटा. घट्ट सायकल एकच बोदा आवाज करते. काही खणखणलं तर एखादा नट राहिला आहे. चाकं धरणारे नट किंवा लिव्हर बघा. उभ्या उभ्या दोन्ही ब्रेक जोरात दाबून सायकल ढकलून बघा. मग मोकळ्या जागेत हळू एक चक्कर मारा, आणि परत येऊन जे उघडलं होतं ते प्रत्येक नट पुन्हा एकदा पान्याने तपासा. पहिल्या चक्करीत काही ना काही पाव फेरा बसतंच.